ओळी मोजू नकोस

पर्वरी, गोवा

चि.,
अनेक आशीर्वाद.

लिनक्स कर्नलात एनव्हीएमई, म्हणजे वेगवान डिस्कशी बोलायची पद्धत, नेटवर्कवरून चालवणारे ड्रायव्हर आहेत. त्यांतल्या टीसीपी (साधं नेटवर्क) आणि आरडीएमए (जिथे नेटवर्क कार्ड थेट मेमरीत लिहितं) ड्रायव्हरांतला सारखा कोड एका जागी आणायचा प्रस्ताव तुझ्याकडे रिव्ह्यूला आलाय, सगळे कमी झालेल्या ओळींचं कौतुक करताहेत आणि तुला संमती देववत नाही. देऊ नकोस अजून. ओळी मोजायच्या नाहीत. हा कोड दोन्हीकडे एकत्र बदलतो का, तेवढंच बघायचं.

दोन्ही फाइलींच्या प्रती काढ, सेडने (मजकूर बदलायचं साधन) फंक्शनांच्या नावांचे उपसर्ग एकसारखे कर, मग डिफ लावून फरक बघ. जे जुळेल त्याचा गिट लॉग, म्हणजे बदलांचा इतिहास, वाच. एकीकडची दुरुस्ती मागाहून दुसरीकडेही करावी लागली असेल, तर खुशाल एकत्र कर. तुटलेली जोडणी पुन्हा करण्याचा भाग तसा आहे: डीफॉल्टने दर 10 सेकंदांनी प्रयत्न, 600 सेकंद झाले की कंट्रोलर (डिस्कशी असलेली ही जोडणी) काढून टाकायचा.

क्यू, म्हणजे डिस्ककडे जाणाऱ्या कामांची रांग, बंद करणं तसं नाही. क्रम सारखाच: नवे आयओ (वाचन-लेखन) थांबवा, ट्रान्सपोर्टची क्यू बंद करा, मग अडकलेल्या रिक्वेस्ट रद्द करा. पण टीसीपीत सॉकेट बंद करून चालू वर्क संपवावं लागतं, आणि आरडीएमएत क्यूपी (कार्डाच्या रांगांची जोडी) ड्रेन, म्हणजे पूर्ण रिकामी, होईपर्यंत कार्ड मेमरीत लिहू शकतं. त्याआधी रिक्वेस्ट रद्द झाली तर तिची मेमरीची पानं मोकळी होऊन भलत्याच्या हाती जातात आणि कार्ड त्यांवर लिहितं. म्हणून क्रम कॉमन, बंद करणं ड्रायव्हरचं. कॉमन फंक्शनात 'आरडीएमए असेल तर' दिसलं की तिथेच अडव. एफसी (फायबर चॅनेल) ड्रायव्हरलाही यात कोंबा म्हणतील. तिथे बाहेर गेलेला प्रत्येक आयओ अबॉर्ट होऊन परत येईपर्यंत थांबावं लागतं. एकत्र बदलत नाही, तर एकत्र ठेवायचं कशाला? मला हटवादी म्हणतात, म्हणोत. कॉमन कोडातली एक चूक सगळ्या ड्रायव्हरांत एकदम शिरते, आणि डेटा जातो तो वापरणाऱ्याचा.

पॅचेसचा (प्रस्तावातल्या एकेका बदलाचा) क्रमही तपास. बग सापडला असेल तर त्याची दुरुस्ती सुटी आणि सगळ्यांत आधी, कारण स्टेबल (आधीच बाहेर पडलेल्या, फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या) कर्नलांत हा कॉमन कोड नसणार. मग वागणूक न बदलता नुसती हलवाहलव, मग एका पॅचमध्ये एकच ड्रायव्हर. नाहीतर बायसेक्ट (बिघाड आणणारा पॅच शोधणं) कशाच्या जोरावर करशील?

फर्मागुडीच्या लॅबमध्ये आरडीएमए कार्ड नसलं तरी आरडीएमएची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणारं आरएक्सई मॉड्यूल साध्या इथरनेटवर चालतं. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) लावलेल्या कर्नलवर एफआयओ (डिस्कवर भार टाकणारं साधन) चालू ठेवून लिंक पाड, पुन्हा पुन्हा पाड. मात्र आरएक्सईत मेमरीत लिहितो तो सीपीयू, कार्ड नव्हे. ड्रेनची चूक तिथे लपून राहू शकते. तेव्हा पॅच पाठवणाऱ्याकडे खऱ्या कार्डावरच्या याच चाचणीचा लॉग माग, आणि तो येईपर्यंत रिव्ह्यूड-बाय (तुझ्या संमतीची ओळ) लिहू नकोस.