लातूरला रेल्वेने पाणी नेलं, मग दुष्काळी शेतीला पाइपने का नेत नाहीत?

नेतात की! सातारा-सांगली भागातल्या टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजना कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडी, जतसारख्या तालुक्यांत पोचवतात. पण पिण्याचं पाणी आणि शेतीचं पाणी यांचा हिशेबच वेगळा.

2016 साली मिरजेहून लातूरला गेलेली 50 वाघिणींची गाडी एका खेपेत साधारण 25 लाख लिटर पाणी न्यायची. एक एकरात एक इंच पाणी द्यायला लाख लिटर लागतं. म्हणजे अख्खी गाडी ओतली तरी जेमतेम 25 एकर भिजणार, तेही एकदाच!

पाइप टाकणं एकदाचं होतं, वीजबिल मात्र पाणी उचलाल तेवढं येत राहतं. पाणी 100 मीटर चढवायचं तर पंपात वाया जाणारी वीज धरून एकरी 40 युनिटच्या आसपास वीज जाते, प्रत्येक इंचाला. बिल थकलं की पंप बंद, हे या भागाने पाहिलंय. त्यातून इतक्या महागात आणलेलं पाणी पाटाने उसाला सोडायचं, हे मला तरी पटत नाही. डाळिंबाला ठिबकने दिलं तर गोष्ट वेगळी.