बारापैकी बारा गुण, तरी धोका?

प्रश्न : ६८ वर्षांचे रुग्ण जिन्यावरून पडलेले. जागेवरच्या नोंदी : जीसीएस (शुद्ध किती आहे याचे ३ ते १५ गुण) १३, वरचा रक्तदाब १०४, श्वास मिनिटाला २६, नाडी ११२. ‘रिव्हाइज्ड ट्रॉमा स्कोअर’ (जखमीची अवस्था मोजणारे गुण, जास्त तितके चांगले) काढला तर १२ पैकी १२ येतो. म्हणजे रुग्ण सुरक्षित समजून जवळच्या लहान रुग्णालयात न्यायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे, आणि मोठी आहे. हा स्कोअर तीनच गोष्टी पाहतो आणि प्रत्येकीला ० ते ४ गुण देतो. जीसीएस १३ ते १५, वरचा रक्तदाब ८९ च्या वर आणि श्वास १० ते २९ असला की पूर्ण गुण मिळतात. या रुग्णाचे तिन्ही आकडे त्या मर्यादेत कसेबसे बसतात. वय आणि नाडी मात्र हिशेबातच नाहीत.

हेच आकडे ‘गॅप’ पद्धतीत, म्हणजे जीसीएस, वय आणि रक्तदाब यांवरून गुण देणाऱ्या पद्धतीत, घालून पाहा. जीसीएस जसाच्या तसा, म्हणजे १३. वय ६० च्या आत असेल तर ३ गुण, इथे ०. रक्तदाब १२० च्या वर असेल तर ६, ६० ते १२० मध्ये ४, त्याखाली ०, इथे ४. बेरीज २४ पैकी १७. १९ ते २४ कमी धोका, ११ ते १८ मध्यम, ३ ते १० गंभीर. तोच रुग्ण थेट मध्यम गटात आला.

आता नाडीला रक्तदाबाने भागा : ११२ भागिले १०४, सुमारे १.०८. हा शॉक इंडेक्स (शॉक म्हणजे अवयवांना रक्त अपुरे पडणे) एरवी ०.५ ते ०.७ असतो, ०.९ च्या पुढे गेला की आतल्या रक्तस्रावाची शंका घ्यायची. उतारवयात ११० च्या खालचा दाबही शॉकचा असू शकतो. उलट, रुग्ण बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी) घेत असेल तर रक्त जात असूनही नाडी वाढत नाही. त्यामुळे इंडेक्स चांगला आला तरी निर्धास्त होऊ नका. गोळ्या कोणत्या चालू आहेत ते नातेवाइकांना विचाराच.

या रुग्णाला ट्रॉमा सेंटरलाच, म्हणजे गंभीर जखमींवर उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयातच, न्यावे.

प्रश्न : मोजताना चुका कुठे होतात?

उत्तर : सर्वाधिक श्वासात. १५ सेकंद मोजून चौपट केली, तर एक श्वास निसटला की मिनिटाला ४ चा फरक पडतो, आणि २९-३० च्या सीमेवर तेवढ्याने गुण बदलतो. निदान ३० सेकंद तरी मोजा, शक्य तर पूर्ण मिनिट.

जीसीएसची नुसती बेरीज लिहू नका. डोळे, बोलणे, हालचाल वेगवेगळे लिहा. हातापायांची हालचाल दोन्ही बाजूंना वेगळी असेल तर चांगल्या बाजूची धरायची. झोपेचे औषध किंवा श्वासनळीत नळी घालण्याआधीच जीसीएस नोंदवा, कारण नंतर बोलण्याचे गुण देताच येत नाहीत. दारू प्यायलेल्या माणसाचा कमी जीसीएस दारूवर ढकलू नका. डोक्याची जखम आहे असे धरूनच चाला.

आणखी एक चूक म्हणजे एकदाच मोजून थांबणे. तरुण रुग्ण बराच काळ दाब टिकवून धरतो आणि मग एकदम कोसळतो. दर पाच मिनिटांनी मोजा आणि प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहा.

प्रश्न : स्कोअर अगदी कमी आला तर आशा सोडायची का?

उत्तर : मुळीच नाही. हे आकडे अनेक रुग्णांच्या गटावरून काढलेले आहेत; समोरचा एक माणूस जगेल की नाही, हे त्यांतून ठरत नाही. शिवाय अडलेला श्वासमार्ग किंवा छातीत कोंडलेली हवा यांनीही स्कोअर तळाला जातो, आणि या दोन्हींवर जागेवरच उपाय करता येतो. आधी तो करा, मग पुन्हा मोजा.