फोन सापडला, आता पुढे काय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न सापडलेल्या मोबाइलबद्दलचे आहेत. फोन परत करायची इच्छा सगळ्यांची असते, पण पहिल्या तासाभरात नकळत असं काहीतरी केलं जातं की मालकाचा रस्ताच बंद होतो. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब दिलं आहे.

प्रश्न : नागपुरात बर्डीहून मानेवाड्याला शेअर ऑटोने येताना सीटच्या फटीत फोन सापडला. ऑटोवाल्या दादांना विचारलं, त्यांचा नाही. फोन लॉक आहे, बॅटरी १९ टक्के. सिम काढून माझ्या फोनमध्ये टाकलं तर मालकाचे नंबर सापडतील का? (मानेवाडा)

सिम काढू नका. आता बहुतेकांचे नंबर गूगल किंवा अ‍ॅपल खात्यात असतात, त्यामुळे सिममध्ये काही सापडायची शक्यता कमी. नुकसान मात्र नक्की होतं. मालक त्याच नंबरवर फोन लावत असतो आणि सिम बाहेर असेपर्यंत तो लागत नाही. शिवाय त्याच्या बँकेचे ओटीपी तुमच्या हातातल्या फोनवर येऊ लागतात. उद्या त्याच्या खात्यात काही गडबड झाली तर पहिली विचारणा तुमच्याकडे होईल. उलटा प्रकारही तेवढाच वाईट. सापडलेल्या फोनमध्ये स्वतःचं सिम टाकलं की त्या फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक) तुमच्या नंबरशी जोडला जातो. मालकाने तो ब्लॉक केलेला असेल, तर पोलिसांना पहिलं नाव तुमचंच दिसेल.

सगळ्यात आधी फोन चार्जिंगला लावा. बंद पडू देऊ नका आणि रीस्टार्टही करू नका. रीस्टार्ट झालेला फोन पिन टाकेपर्यंत आतला डेटा उघडत नाही. कॉल येतो, पण ‘आई’ किंवा ‘घर’ असं नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेशही पडद्यावर येत नाहीत. नव्या आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइडमध्ये सलग तीन दिवस लॉक राहिलेला फोन आपोआप रीस्टार्ट होतो, म्हणून जे करायचं ते पहिल्या दोन दिवसांत करा.

फ्लाइट मोड चालू नाही ना आणि नेटवर्कच्या दांड्या दिसतात ना, ते पाहा. फोन सायलेंटवर असू शकतो, म्हणून तो पालथा ठेवू नका, डोळ्यांसमोर ठेवा. उन्हाळ्यात स्कूटीच्या डिक्कीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको. आयफोनसाठी अ‍ॅपलने सांगितलेली साठवणुकीची मर्यादाच ४५ अंशांची आहे आणि मे महिन्यात नागपूरची सावलीतली हवाच तिथवर जाते.

मग लॉक स्क्रीनवर ‘इमर्जन्सी’ दाबा. आयफोनमध्ये ‘मेडिकल आयडी’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘इमर्जन्सी इन्फर्मेशन’ असा पर्याय मिळतो. मालकाने माहिती भरली असेल तर घरच्या माणसाचा नंबर तिथे दिसेल. तेवढंच उघडा. पिनचा अंदाज लावत बसू नका. काही आयफोनवर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर सगळा डेटा पुसला जाण्याची सोय चालू असते. पॉवर बटणही पटापट दाबू नका. बऱ्याच फोनमध्ये पाच वेळा दाबलं की थेट ११२ ला कॉल लागतो.

कॉल आला की एवढंच सांगा : “हा फोन मला सापडला आहे, सुरक्षित आहे. ज्यांचा आहे त्यांना सांगा आणि माझ्याशी बोलायला दुसरा नंबर द्या.” घरचा पत्ता पहिल्या कॉलवर देऊ नका.

संध्याकाळपर्यंत कोणाचाच फोन आला नाही आणि पडद्यावर ‘नो सर्व्हिस’ दिसू लागलं, तर मालकाने बहुधा तोच नंबर नव्या सिमवर घेतला आहे. आता या फोनवर त्याचा कॉल येणारच नाही. अशा वेळी वाट पाहण्यात अर्थ नाही, पोलीस ठाण्यात जा.

प्रश्न : एकाचा फोन आला, “मोबाइल माझाच आहे, मी तुमच्या घरी येतो. तोवर त्यावर एक ओटीपी आलाय तेवढा सांगा.” सांगू का? आणि तो खरा मालक हे ओळखायचं कसं? (त्रिमूर्तीनगर)

ओटीपी सांगू नका. खऱ्या मालकाला तो लागणार असला तरी फोन हातात आल्यावर तो स्वतः पाहील. फोन हरवल्याची बातमी कळलेला कोणीही त्या नंबरवर फोन करून मालक असल्याचं भासवू शकतो, आणि ओटीपीची घाई हीच त्याची खूण.

रंग, कव्हर, कंपनी यांवरून ओळख पटत नाही. तेवढं तर शेजारच्या सीटवर बसलेल्यालाही माहीत असतं. भक्कम पुरावा एकच : तुमच्यासमोर त्याने स्वतःच्या बोटाने किंवा पिनने फोन उघडायचा. फोन तुमच्या हातात राहू द्या, उघडल्यावरच सोडा. जोडीला खरेदीचं बिल किंवा डब्याचा फोटो मागा. डब्यावर आयएमईआय छापलेला असतो. उघडलेल्या फोनवर *#०६# डायल केलं की पंधरा आकडी नंबर येतो, तो जुळवा. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर येतील, दोन्ही डब्यावर असतात.

भेट घरी ठेवू नका. मेट्रो स्टेशन, बँकेच्या शाखेचं दार किंवा सरळ पोलीस ठाणं, यांपैकी एक जागा ठरवा. फोन देताना कागदावर चार ओळी लिहून घ्या : तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, आयएमईआयचे शेवटचे सहा आकडे, घेणाऱ्याचं नाव आणि सही. ओळखपत्र पाहा. संकोच वाटतो, पण चार दिवसांनी दुसराच कोणी “फोन माझा होता” म्हणत आला तर हा कागदच तुमच्या बाजूने उभा राहतो.

कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचं असेल तर फोनचा फोटो टाकू नका. “अमुक रस्त्यावर एक मोबाइल सापडला आहे, खूण सांगणाऱ्याने संपर्क करावा,” एवढंच लिहा. रंग, कव्हर, वॉलपेपर हे सगळं विचारण्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न : धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत दीक्षाभूमीजवळ फोन मिळाला. मालकीणबाई नांदेडच्या, फोनवर बोलल्या, पण त्या परतीच्या गाडीत बसल्यात. कुरिअर करू का? (लक्ष्मीनगर)

आधी त्यांचीच ओळख पटवा, आणि समोरासमोर न भेटताही ते जमतं. त्यांना नातेवाइकाच्या फोनवरून स्वतःच्या गूगल खात्यात जाऊन ‘फाइंड हब’ उघडायला सांगा (पूर्वी याचं नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होतं). आयफोन असेल तर ‘फाइंड माय’. त्यातून आवाज वाजवायला सांगा. तुम्ही वेळ ठरवा : “बरोबर आठ वाजून दहा मिनिटांनी वाजवा.” फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. त्याहून पक्कं हवं असेल तर लॉक स्क्रीनवर दिसणारा संदेश पाठवायला सांगा आणि त्यात कुठला शब्द लिहायचा ते तुम्ही द्या. ‘संत्रा’ म्हणालात आणि पडद्यावर ‘संत्रा’ उमटलं, तर खातं त्यांच्याच हातात आहे. दोन्हींसाठी सापडलेल्या फोनवर इंटरनेट चालू हवं, म्हणून हे लगेच करा.

पाठवण्यापेक्षा नागपुरातल्या त्यांच्या ओळखीच्या माणसाकडे देणं बरं. त्या माणसाचं नाव आणि ओळखपत्राचा फोटो बाईंकडूनच येऊ द्या, तो स्वतःहून आला तर देऊ नका. कुरिअरच करायचं तर आत लिथियम बॅटरी आहे हे काउंटरवर सांगा. लपवून पाठवलेलं पार्सल तपासणीत अडकू शकतं. फोन पूर्ण बंद करा, बबल रॅपमध्ये गुंडाळून घट्ट खोक्यात ठेवा, विमा घ्या, खर्च आधीच बोलून घ्या आणि पॅक करण्याआधी आयएमईआयसह फोटो काढा.

प्रश्न : माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक “सापडला भाऊ, लॉक तोडून द्या” म्हणत फोन आणतात. काय करावं? (इतवारी)

काम घेऊ नका. लॉक तोडून हाती काही लागतही नाही. अँड्रॉइड रीसेट केला तरी जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो, आयफोनला अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असतं, म्हणजे तोही मालकाच्या अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड मागतो. पण रीसेटमुळे मालकाचे फोटो जातात आणि लॉक स्क्रीनवरची घरच्या नंबरची माहितीही जाते. म्हणजे परत करायची उरलेली वाट तुमच्या टेबलावर बंद होते.

आयएमईआय बदलून मागणाऱ्याला तर उभंही करू नका. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ खाली त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जुना फोन विकत घेण्याआधी केवायएम (KYM), मग जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा, किंवा ‘संचार साथी’ या सरकारी अ‍ॅपवर तपासा. काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं उत्तर आलं तर फोन घेऊ नका.

प्रश्न : पोलिसांकडे गेलं की आपल्यालाच बसवून ठेवतील अशी भीती वाटते. आणि कोणीच मागायला आलं नाही तर फोन ठेवून घेतला तर चालतो का? (नंदनवन)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ सांगतं की दुसऱ्याची जंगम वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःच्या वापरात आणली तर किमान ६ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षं कैद, शिवाय दंड. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सापडलेल्या वस्तूबद्दल वेगळं लिहिलं आहे. मालकाला परत देण्यासाठी किंवा सांभाळण्यासाठी उचलली तर गुन्हा नाही. मालक शोधण्याचं साधन हाताशी असताना, किंवा वाजवी प्रयत्न करून वाजवी काळ थांबण्याआधी, ती वापरायला काढली तर गुन्हा. फोनच्या बाबतीत मालक शोधण्याचं साधन फोनच्या आतच असतं, त्यामुळे “मालक सापडला नाही” ही सबब टिकणं अवघड.

आणि भीतीचं म्हणाल तर जितक्या लवकर जाल तितके प्रश्न कमी. जिथे सापडला त्या हद्दीतल्या ठाण्यात जा, उदाहरणार्थ बर्डीवर सापडला तर सीताबर्डी ठाण्यात. दोन प्रतींत अर्ज न्या : कुठे, किती वाजता, कोणत्या अवस्थेत सापडला, तुमचं नाव आणि नंबर. एका प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय परत येऊ नका. फोन देण्याआधी पुढचा-मागचा फोटो काढा, काच आधीच तडकलेली असेल तर ते अर्जात लिहा.

मेट्रोत सापडला तर स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांकडे, एसटीत सापडला तर बसस्थानकाच्या वाहतूक नियंत्रकाकडे, रेल्वेत सापडला तर आरपीएफकडे (रेल्वे सुरक्षा दलाकडे) द्या किंवा १३९ वर कळवा. पोचपावती सगळीकडे मागा.

प्रश्न : बक्षीस मागता येतं का? (गोपालनगर)

मालकाने जाहीर केलं असेल तर हो. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १६८ प्रमाणे जाहीर बक्षिसासाठी दावाही लावता येतो. जाहीर केलं नसेल तर सांभाळण्याच्या खर्चासाठी दावा लावता येत नाही. पण ऑटोचं भाडं मागण्यात कमीपणा मानू नका, ते मोकळेपणाने सांगा.

प्रश्न : फुटाळा तलावाजवळ पावसात भिजलेला फोन सापडला. चार्जिंगला लावू? (हजारीपहाड)

नको, इथे पहिल्या उत्तरातला नियम उलटा. चालू असेल तर बंद करा. चार्जिंगच्या खाचेत पाणी असताना वीज दिली तर शॉर्ट होऊ शकतो. खाच खाली धरून हलकेच आपटा, पुसा आणि पंख्यासमोर ठेवा. तांदळात पुरू नका, कण आणि पीठ खाचेत जातं. ड्रायर आणि ऊनही नको. चोवीस तास वाट पाहण्यापेक्षा त्याच अवस्थेत ठाण्यात दिलेला बरा, अर्जात ‘भिजलेला’ असं लिहून.

प्रश्न : माझा हरवलेला फोन एका ताईंनी परत आणून दिला, पण आता कुठलंच सिम चालत नाही. बिघडला का? (जरीपटका)

बिघडलेला नाही. तुम्ही ‘संचार साथी’च्या सीईआयआरवर (हरवलेले फोन ब्लॉक करायच्या सरकारी पोर्टलवर) तो ब्लॉक केला असणार. तो आपोआप खुला होत नाही. त्याच पोर्टलवर ‘अनब्लॉक फाउंड मोबाइल’ निवडा आणि ब्लॉक करताना मिळालेला रिक्वेस्ट आयडी व मोबाइल नंबर टाका. कारण म्हणून फोन परत मिळाल्याचं नोंदवा, ओटीपी द्या. नवं सिम घेऊन दिवसही झाला नसेल तर एसएमएस सुरू झालेले नसतात आणि ओटीपी येत नाही, तेवढं थांबा. ज्या ठाण्यात तक्रार दिली होती तिथेही फोन मिळाल्याचं लेखी कळवा, नाहीतर शोधाच्या यादीत तुमचाच फोन राहतो आणि उद्या तो विकायला काढलात तर घेणाऱ्याला त्रास होतो.