वाचकांचे प्रश्न : कपॅसिटर आहे, तरी पॉवर फॅक्टर का घसरला?

प्रश्न : भोसरीत माझे छोटे लेथ-मिलिंगचे वर्कशॉप असून चालू लोड साधारण 20 किलोवॉट असतो. पूर्वी पॉवर फॅक्टर 0.70 होता, म्हणून 415 व्होल्टचा 15 केव्हीएआर कपॅसिटर बसवला. तेव्हा तो 0.96 वर गेला. गेल्या महिन्याच्या बिलात मात्र 0.84 आला आहे. पॅनेलवरचा दिवा लागतो, म्हणजे कपॅसिटर चालू आहे. वायरमन आणखी 10 केव्हीएआर टाका म्हणतो. टाकावा का?
– एक वाचक, भोसरी, पुणे

उत्तर : तूर्त टाकू नये. दिवा फक्त तिथवर वीज पोहोचल्याचे सांगतो. कपॅसिटर काम करतो की नाही, हे त्यावरून कळत नाही.

मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर लागते. तिच्यातून प्रत्यक्ष काम होत नाही, पण तिचा करंट तारांतून वाहतोच. ती केव्हीएआरमध्ये मोजतात. लाइनमधून घेतलेल्या एकूण पॉवरपैकी कामी येणारा वाटा म्हणजे पॉवर फॅक्टर; तो 1 च्या जितका जवळ, तितका चांगला. 0.70 वर तुमच्या लोडला सुमारे 20.4 केव्हीएआर लागत होते. त्यांतले 15 कपॅसिटरने जागच्या जागी पुरवल्यावर लाइनचा करंट अंदाजे 40 अँपिअरवरून 29 वर उतरला असणार. लोड तेवढाच धरून 0.84 चा हिशेब उलटा मांडला, तर आज कपॅसिटरकडून साडेसात केव्हीएआरच मिळत आहेत, म्हणजे बरोबर निम्मे. डेल्टा (त्रिकोणी, दर दोन फेजांमध्ये एक) जोडणीच्या कपॅसिटरचा एका फेजचा फ्यूज उडाला की नेमके एवढेच उरते, त्यामुळे माझा पहिला संशय फ्यूजवर आहे.

खात्री करायला फारसा खर्च नाही. जाणकार वायरमनकडून कपॅसिटरच्या तिन्ही वायरींवर टाँग टेस्टर (वायर न कापता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) लावून घ्यावा. प्रत्येकीवर 21 अँपिअरच्या आसपास दिसले तर कपॅसिटर ठणठणीत आहे, आणि मग रिकाम्या फिरत राहणाऱ्या लेथकडे पाहावे, कारण रिकाम्या मोटारीचा पॉवर फॅक्टर कमी असतो. एकीवर शून्य आणि उरलेल्या दोन्हींवर 18 दिसले तर फ्यूज गेला. तिन्हींवर सारखेच पण कमी दिसले तर आतले सेल क्षीण झाले, ते बदलावेत.

समजा, आधी 10 केव्हीएआर वाढवले आणि नंतर कोणी तो फ्यूज बदलला, तर एकूण 25 होतील. ते गरजेपेक्षा जास्त असल्याने पॉवर फॅक्टर लीडिंग होईल (म्हणजे जादा रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर उलटी लाइनकडे जाईल), आणि जेवणाच्या सुट्टीत यंत्रे बंद असताना तर अधिकच. तुमचा लोड दिवसभर फार वर-खाली होत असेल, तर सुट्या कपॅसिटरपेक्षा एपीएफसी पॅनेल (लोडनुसार कपॅसिटर आपोआप जोडणारे-काढणारे) बरे.

फ्यूजला हात लावण्यापूर्वी स्विच बंद करून निदान पाच मिनिटे थांबावे आणि टर्मिनलवर व्होल्टेज उरले नाही, हे मीटरने तपासावे. बंद कपॅसिटरमध्येही चार्ज साठून राहतो.