सी४ खेळलीस, पुढं काय?

नागपूर

प्रिय पोरी,

तुझ्या बुद्धिबळाच्या डावाच्या स्कोअरशीटचा (चालींच्या नोंदीचा) फोटो पाहिला. मेच्या उन्हात, कूलरच्या घरघरीत इतका वेळ डोकं शाबूत ठेवलंस, त्याची शाबासकी आधी घे.

आता डावाबद्दल. इ४ खेळलं (राजापुढचं प्यादं दोन घरं; अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) की सिसिलियन, म्हणजे काळ्याचं सी५चं उत्तर, पाठ करावं लागतं, म्हणून तू इंग्लिश, म्हणजे सी४ची सुरुवात, धरलंस. समोरच्यानं सी४ला इ५ खेळलं आणि तेच सिसिलियन पुढ्यात आलं! फक्त रंग उलटे, आणि एक चाल तुझ्याकडे जादा. कडेनं सुरुवात केली म्हणजे पटाचा मध्य सोडला असं होत नाही. त्याचा हिशेब नंतर करायचा असतो, इतकंच.

नवव्या चालीपर्यंत सगळं चोख: उंट जी२वर, कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड नेणं), डी३, ए३. त्याचा घोडा बी६वर परतला, उंट इ६वर आला. आणि तू एच३ खेळलीस. का? ए३ बी४साठीच होती ना? बी४ आणि मग बी५ झालं की सी६चा घोडा उठतो, इ५चं प्यादं उघडं पडतं. सी-फाईल (सीची उभी रांग) तुझ्यासाठी अर्धी मोकळी आहे, म्हणजे तिथं तुझं प्यादं नाही, हत्ती सी१वर आण, सी३चा घोडा इ४वरून सी५कडे ने. तुझ्या एच३नं मात्र त्याला वजीर डी७वर आणायला आयतं निमित्त मिळालं. उंट आणि वजीर दोघांच्या माऱ्यातलं एच३चं प्यादं वाचवायला राजा एच२वर न्यावा लागला. जादा चाल तिथंच संपली.

दुसरी गोष्ट, इ५ येईलच असं नाही. १९७२ला रेक्याविकमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत, सहाव्या डावात आव्हानवीर बॉबी फिशरनं जगज्जेत्या स्पास्कीविरुद्ध सी४ खेळलं. एरवी हा माणूस इ४वाला. डाव वजिराच्या गॅम्बिटमध्ये (डी४ आणि सी४ची दुसरी ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची रचना) शिरला आणि स्पास्की हरला. फिशरला त्या रचना येत होत्या. तुला अजून येत नाहीत, म्हणून सध्या नवी ओपनिंग नको. (दिव्या देशमुखनं २०२५मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून आपल्याकडे सगळ्यांनाच घाई झाली आहे. तुझ्या बाबांनाही सांग.)

रविवारी येताना हाच डाव पटावर मांडायच्या तयारीनं ये. दहाव्या चालीपासून मी काळी घेईन, तू बी४ खेळ. इंजिन लावून येऊ नकोस.

तुझे सर