आई काठी हातात घेतच नाही

"वॉकर आणून दिलाय, आई त्यावर टॉवेल वाळत घालते." थोड्याफार फरकाने हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनात सतत येतं. आई किंवा वडील गावी एकटे असतात, एकदा पडून झालेलं असतं, मुलांची झोप उडालेली असते. "यांना समजवायचं कसं?" हा त्यांचा प्रश्न.

असाच एक मुलगा ठाण्याहून आला होता. आई साताऱ्यात, वय ७८, गुडघे दुखरे, मोरीत घसरून मनगट मोडलेलं. त्याने काठी, वॉकर, कमोडची खुर्ची असं सगळं एकदम मागवलं. सगळं कोपऱ्यात पडून.

"ती पुन्हा पडली तर काय होईल?" मी विचारलं.

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "लोक म्हणतील, मुलगा असून एकटी टाकली."

पुढची काही सत्रं आम्ही याच वाक्यावर काम केलं. आई पडू नये ही इच्छा रास्तच आहे. ती पडताच कामा नये, हा हट्ट मात्र कोणालाच पुरा करता येत नाही, आणि या हट्टापायीच तो दिवसातून चार वेळा फोन करून "काठी घेतलीस का?" म्हणून दरडावत होता. माणसाला छळते ती परिस्थितीपेक्षा तिच्याकडे केलेली मागणी, असं मी मानते.

नंतर आई त्याच्याकडे आल्या, तेव्हा त्यांना भेटायला बोलावलं. काठीचा विषय मी काढलाच नाही.

"आजी, घरात सगळ्यात जड काय जातं?"

"पूजा. पाटावरून उठताच येत नाही हो. हल्ली उभ्यानेच दिवा लावते."

मुलगा बघतच राहिला. त्याला हे ठाऊकच नव्हतं.

"आणि काठी?"

"काठी दिसली की शेजारीण विचारते, आता मुलाकडे जाणार का? मला माझं घर सोडायचं नाहीये, बाई."

गाठ इथे होती. मुलाच्या लेखी काठी म्हणजे सुरक्षितता, आईच्या लेखी घर सुटण्याची पहिली पायरी. मी एवढंच म्हटलं, "आजी, घर सोडायचं नसेल तर काठी तुमच्याच बाजूची आहे." त्या पहिल्यांदाच हसल्या. इतक्या वर्षांत मला हे नक्की कळलंय, की साधन नको नसतं; आपल्याला न विचारता कुणीतरी आपलं म्हातारपण ठरवून टाकलेलं नको असतं.

मी त्यांना साताऱ्यात परतल्यावर रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात जायला सांगितलं. महाराष्ट्रात बऱ्याच गावांत सामाजिक संस्था अशी केंद्रं चालवतात. वॉकर, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर, पलंग अनामत ठेवून नाममात्र भाड्याने मिळतात. घरात कोणी आजारी पडल्याशिवाय तिकडे कोणी फिरकत नाही, ही खंत आहे. आधी जावं, ज्याला वापरायचंय त्यालाच न्यावं, वस्तू हाताळू द्यावी.

आजींनी वॉकर पाहिला आणि म्हणाल्या, "हा माझ्या मोरीच्या दारातून जातच नाही." दार कोणी मोजलंच नव्हतं! काठी त्यांनी स्वतः निवडली. केंद्रातल्या ताईंनी त्यांना चप्पल घालून सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावला आणि मूठ मनगटाच्या रेषेला येईल अशी उंची लावली. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात धरायची, हेही तिथेच कळलं. मोरीत भिंतीला पक्की दांडी बसली (टॉवेलच्या दांडीला धरू नये, ती वजन पेलत नाही), आणि देवापुढे हातांची खुर्ची आली. देव चौरंगासकट टेबलावर चढले.

मुलगा आता संध्याकाळी एकदाच फोन करतो आणि पूजेला फुलं कुठली मिळाली ते विचारतो. याचं मला समाधान आहे.

पैशांची अडचण असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करा. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये थेट खात्यात देण्याची त्यात तरतूद आहे. कुठे जायचं हेच कळत नसेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो फोन शक्यतो आईलाच करू द्या.