कंपनी तळं दत्तक घेतेय म्हणे, सही करू का? वाचकांचे प्रश्न

सातारा-सांगलीकडून मला सध्या जे प्रश्न येतायत त्यातल्या निम्म्यांत गोष्ट एकच असते, फक्त गावाचं नाव बदलतं. एक कंपनी, तिच्या जोडीला निसर्ग वाचवणारी एक संस्था, आणि दोघं मिळून गावचं तळं वाचवणार. बॅनर आधी लागतो आणि प्रश्न मला नंतर येतो. एकेकाला वेगळं लिहीत बसायला वेळ पुरत नाही म्हणून निवडक इथे घेते.

प्रश्न (सरपंच, खटाव तालुका): मॅडम, एक कंपनी आणि पुण्याची संस्था आमचा तलाव पाच वर्षांसाठी दत्तक घेतो म्हणतायत. एमओयू (सामंजस्य करार) तयार आहे, पुढच्या आठवड्यात सही करायची आहे. करू का?

आधी मला सांगा, तलाव कुणाचा? गावात आहे म्हणजे ग्रामपंचायतीचा असं नसतं. कुठला जिल्हा परिषदेचा, कुठला जलसंधारणचा, कुठला पाटबंधारेचा, आणि पाण्याखालची जमीन कधीकधी वन खात्याची निघते. सातबारा काढा, मालक सापडला की त्याची लेखी परवानगी, आणि ती नसेल तर तुमच्या सहीला तसाही काही अर्थ नाही. संस्थेकडून धर्मादाय नोंदणी आणि सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक मागून घ्या (सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च), २०२१ पासून त्या नोंदणीशिवाय संस्थेला सीएसआरचं काम घेता येत नाही. पण कागद सगळे स्वच्छ असूनही काम घाण झालेलं मी बघितलंय, म्हणून या संस्थेनं तीन-चार वर्षांपूर्वी जिथे काम केलंय ते तळं स्वतः जाऊन बघा, आणि जाल ते मे महिन्यात, उद्घाटनाच्या फोटोत नाही. पुढचा आठवडा वगैरे घाई त्यांची आहे, तुमची नाही. ग्रामसभेत वाचून दाखवा, गावातल्या जैवविविधता समितीला बसवा (कागदावर का होईना, असतेच), आणि एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला.

प्रश्न (शिक्षिका, इस्लामपूर): दत्तक घेतलं म्हणजे तलाव कंपनीच्या मालकीचा होतो का?

नाही.

प्रश्न (एचआर विभाग, कुपवाड एमआयडीसी): आमचा सीएसआर निधी ३१ मार्चच्या आत खर्च करायचा आहे. तलावाच्या काठाला हजार झाडं लावली तर चालतील का?

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की हा प्रश्न येतोच येतो. मार्चमध्ये आपल्याकडे झाड लावायचं? टँकरवर जगवणार आणि मेमध्ये मरणार, हे तुम्हालाही माहितीये आणि नर्सरीवाल्याला तर तुमच्यापेक्षा आधी माहितीये. ३१ मार्चचा एवढा बाऊ करायची गरजच नाही. काम अनेक वर्षांचं, म्हणजे चालू प्रकल्प म्हणून कंपनीच्या संचालक मंडळानं मंजूर केलेलं असेल तर शिल्लक रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या अनस्पेंट (न खर्चलेल्या पैशाच्या) खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करायची अशी सोय कायद्यातच आहे. तुमच्या सीएला विचारा, मी सीए नाही. झाडांचं म्हणाल तर तळ्याचा मोकळा काठ हा मोकळाच हवा, उघड्यावर बसणाऱ्या पक्ष्यांना लांबचा धोका दिसला पाहिजे, टिटवी तर अंडी उघड्या जमिनीवरच घालते. आहेत त्या बाभळी मात्र तोडू नका, बगळे त्यावर घरटी करतात. लावायचीच तर पावसाळ्यात, तळ्याला येऊन मिळणाऱ्या ओढ्याच्या कडेनं, करंज, जांभूळ, वाळुंज अशी, आणि तीही आधी वनस्पतीशास्त्राच्या माणसाला जागा दाखवून.

प्रश्न (बीएस्सीची विद्यार्थिनी, सातारा): सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर) पावसात साचणारं पाणी दिवाळीनंतर आटतं. ते पण पाणथळ धरतात का?

हो. २०१७ च्या पाणथळ नियमांतली व्याख्या कायम आणि तात्पुरतं दोन्ही पाणी धरते, फक्त त्या जागेची नोंद कुठे झालीये का ते वन विभागात विचार.

प्रश्न (निवृत्त बँक कर्मचारी, विटा): कंपनी म्हणते की पाणथळ जागांना कायद्याचं संरक्षण आहेच, आम्ही फक्त मदत करतो. हे बरोबर आहे का?

अर्धं. २०१७ चे पाणथळ नियम आहेत, त्यात भराव, अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं यावर बंदी आहे. पण त्याच नियमांनी नदीचं पात्र, भातशेती आणि माणसानं पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव व्याख्येतून बाहेर ठेवलेत. आता आपल्या दुष्काळी पट्ट्यातलं कुठलं तळं सिंचनासाठी बांधलेलं नाही? मायणीचा तलाव ब्रिटिश काळातला, तोही सिंचनाचाच. त्याला २०२१ मध्ये संरक्षण मिळालं ते पक्षी संवर्धन राखीव म्हणून, म्हणजे वन्यजीव कायद्याच्या वाटेनं. तेव्हा तुमच्या तळ्याला नेमका कुठला कायदा लागतो हे कंपनीच्या माणसाला विचारू नका, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि वन विभागात लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या.

प्रश्न (ग्रामपंचायत सदस्य, कवठेमहांकाळ तालुका): कंपनीनं गाळ काढून, चारी बाजूंनी दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर), वॉकिंग ट्रॅक, लाईट आणि सेल्फी पॉइंट असा आराखडा दिलाय. गावाला आवडलाय. पक्षी पण वाढतील म्हणतायत. तुमचं मत?

पक्षी वाढणार नाहीत, जातील. आणि हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता घरातलेही म्हणतात, झालं हिचं काठपुराण सुरू. होऊ दे सुरू.

तळं म्हणजे पाणी एवढंच आपल्या डोक्यात असतं, पण तळ्यातला जीव सगळा काठाला असतो, घोट्याएवढ्या ते गुडघ्याएवढ्या पाण्यात. जुन्या तलावाचा काठ उताराचा असतो, ताटलीसारखा. पावसाळ्यात भरतो, मग दिवाळीपासून मेपर्यंत पाणी रोज थोडं थोडं मागं सरकतं आणि रोज ताजा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात अळ्या, किडे, गोगलगाई, आणि त्यावर जगणारे पक्षी. तुतारी अगदी कडेला टोचत फिरणार, शेकाट्याचे पाय लांब म्हणून तो जरा आत, चमचा पक्षी चोच डावी-उजवीकडे फिरवत आणखी आत, थापट्या बदक पृष्ठभागावरचं गाळून खाणार. प्रत्येकाची खोली ठरलेली. मासेसुद्धा उथळ गवतातच अंडी घालतात, हे कुठल्याही भोयाला विचारा.

आता तुम्ही पोकलेन लावून कडेपासूनच सरळ पंधरा फूट खाली गेला आणि उभं पिचिंग केलं की ताटलीची बादली झाली. बादलीत कोण राहतंय? पाणकावळा राहतो, वारकरी पक्षी राहतात, बाकीचे चालले. वर रात्रभर हाय-मास्टचे उंच दिवे. म्हशीला पाण्यात उतरायला जागा नाही, कुठलं वासरू पडलं तर त्याला वर यायला नाही. आमच्या मिरज तालुक्याकडच्या एका तळ्यावर हेच झालं, कंपनीचं नाव घेत नाही, संस्थेचंही घेत नाही, दोघांनाही मी आधी पत्र दिलं होतं आणि उत्तर आलं की डिझाईन फायनल झालंय. पुढच्या हिवाळ्यात मी दुर्बीण घेऊन गेले, पेव्हर ब्लॉकवर बसून चहा प्यायले आणि परत आले, कारण मोजायला काही नव्हतंच. उद्घाटनाला मात्र फ्लेक्सवर रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) थवा होता, इंटरनेटवरून उचललेला.

गाळ काढायला माझा विरोध नाही, तसं कुणी पसरवू नका. शेतकऱ्याला सुपीक गाळ मिळतो, पाणी वाढतं, दोन्ही चांगलं. पण काढायचा तो मधल्या खोलगट भागातून, जुन्या ओढ्याच्या रेषेनं. फुगवट्याकडचा उथळ भाग, जिथून पाणी आत येतं, तो सोडायचा. बंधाऱ्याच्या पायथ्याशी खोदायचं नाही, भिंतीला धोका असतो, किती अंतर सोडायचं ते शाखा अभियंत्याकडून लेखी घ्यायचं. तळाची चिकणमाती फोडायची नाही, नाहीतर पाणी झिरपून जातं आणि मग प्लॅस्टिक अंथरायचा आणखी एक प्रस्ताव येतो. आणि मशीन उतरायच्या आधी एखाद्या कॉलेजच्या प्राणीशास्त्राच्या माणसाला काठ फिरून बघू दे, कारण गाळ काढायचा मोसम आणि चिखल्या, टिटव्यांची अंडी एकाच वेळी असतात.

आराखडा परत पाठवा. ट्रॅक हवाच असेल तर एका बाजूला, मातीचा, बंधाऱ्याच्या अंगानं, दिव्यांशिवाय. कंपनीला पटत नसेल तर त्यांना तळं नकोय, बाग पाहिजे, मग ती त्यांनी दुसऱ्या जागेवर करावी.

प्रश्न (व्यापारी, सांगली): जलपर्णीवर टाकायची एक बॅक्टेरिया पावडर आलीये, कंपनी फुकट देतेय. वापरायची का?

फुकट पहिल्या वर्षीच असते. जलपर्णीला खत कोण घालतंय ते बघा, बहुतेक वेळा गावचं गटार किंवा उसाच्या रानातून वाहून आलेला युरिया. ते बंद होईपर्यंत कसलीही पावडर टाका, ती परत येणारच, पोषक पाणी मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि बी तर चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. फुलावर यायच्या आधी हातानं किंवा मशीननं काढा, काठावर ढीग न ठेवता लांब नेऊन खत करा. तणनाशक मारू नका, सगळी एकदम मरून कुजते आणि पाण्यातला ऑक्सिजन संपतो. पावडरवाल्याकडे लॅबचा रिपोर्ट मागा आणि तो प्रदूषण मंडळाला दाखवा, बघा परत फोन येतोय का.

प्रश्न (मच्छीमार, पलूस तालुका): ज्या कारखान्याच्या मळीच्या पाण्यानं आमचे मासे मरतात तोच आता नदीकाठ वाचवायला संस्थेला पैसे देतोय. संस्थेनं घ्यावेत का?

दादा, कारखान्याचं नाव तुम्ही लिहिलंत, मी इथे घेत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही, तो तुम्ही गोळा करायचा आहे. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्वतःचं सांडपाणी स्वच्छ करणं हे कायद्यानं त्यांचं कामच आहे आणि जे कायद्यानं करावंच लागतं ते सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिपही सीएसआर होत नाही. पर्यावरणाबद्दल खोटे किंवा फुगवलेले दावे करण्यावर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्यात, दाव्याला पुरावा लागतो. संस्थेनं पैसे घ्यायचे का हे संस्थेनं ठरवावं, मी त्यांच्या जागी असते तर आधी कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे वर्षभराचे रिपोर्ट मागितले असते. तुमच्यासाठी घाईचं काम वेगळं आहे. मासे तरंगले की लगेच, त्याच दिवशी, प्रदूषण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला कळवा, कारण कोर्टात चालणारा नमुना त्यांच्या अधिकाऱ्यानं रीतसर घ्यावा लागतो, आपण बिसलेरीच्या बाटलीत भरून ठेवलेला नाही. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, बंधाऱ्याच्या खाली आणि वर दोन्हीकडचे. चार दिवस गावात चर्चा करून मग तक्रार केली तर तोवर पाणी कर्नाटकात गेलेलं असतं.

प्रश्न (वाचक, दहिवडी): रोहित पक्षी परत आणण्यासाठी संस्था मिठाचं पाणी आणि खाद्य टाकणार आहे असं ऐकलं. खरं आहे का?

ऐकलं कुणाकडून? खरं असेल तर आधी थांबवा आणि वन विभागाला कळवा. पाणी उथळ असलं आणि चिखलात खायला असलं तर रोहित आपले आपण येतात, तलाव काठोकाठ भरलेला असला तर त्या वर्षी येत नाहीत, त्यात कुणाचा दोष नसतो.

प्रश्न (शेतकरी, आटपाडी तालुका): माझं गाळपेराचं रान (पाणी ओसरल्यावर पेरायची तळातली जमीन) तलावाच्या आत आहे. संरक्षण झालं की पेरायला बंदी येईल का?

गाळपेर तुमच्या नावावर नसतं, भाडेपट्ट्यानं असतं, त्यामुळे पट्ट्याचा कागद आणि यंदाची पावती आधी शोधा. एमओयूमध्ये गाळपेर, जनावरांचं पाणी आणि मासेमारी यांचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर ग्रामसभेत उभं राहून तो घालायला लावा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या, सही झाल्यावर माझ्याकडे येऊन उपयोग नाही. गाळपेराला रासायनिक खत आणि फवारणी मात्र बंद ठेवा, ते सगळं जुलैत पाण्याखाली जातंय. आणि पट्टा संपत आला असेल तर उद्याच पाटबंधारेच्या शाखा कार्यालयात जा.